वासे मोजायचे राहिले

आमच्या वाड्याची मधली तुळई आता माझ्या टेबलावर आहे. अख्खी नाही, तिची एक चकती: नऊ इंच लांब, सात इंच रुंद, दोन बोटं जाड. वाडा गेल्या उन्हाळ्यात उतरवला. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून हाकेच्या अंतरावर होता. चार पिढ्या त्यात वाढल्या, मग वाटण्या झाल्या, पोरंबाळं पुण्याला आणि त्याही पलीकडे गेली, आणि शेवटी जागा बिल्डरला दिली. इंदूरच्या निम्म्या मराठी घरांत हे घडून गेलंय, तेव्हा त्याबद्दल वेगळं काय सांगायचं?

चकती मात्र मी हट्टानं मागून घेतली. मिस्त्रीनं विचारलं, "मैडम, चौरंग बनवाओगी क्या?" मी म्हटलं, नाही, मला यातली वर्षं मोजायची आहेत. त्यानं चकतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता रंधा काढला.

पहिल्या दिवशी काहीच दिसेना. करवतीच्या दात्यांचे ओरखडे आणि सव्वाशे-दीडशे वर्षांची काजळी. रंधा मारल्यावर आतला मधाच्या रंगाचा साग वर आला. मग पॉलिशपेपर, आधी खरखरीत, मग बारीक, मग अगदी चारशे नंबरचा. जुनं सागवान घासलं की नव्या चपलेसारखा वास येतो, चामड्याचा आणि तेलाचा. वाडा पाडून महिना झाला होता आणि माझ्या खोलीत वाड्याचा वास भरला होता.

मग ओलं बोट फिरवलं आणि भिंग धरलं. सागाचं प्रत्येक वर्ष छिद्रांच्या एका ओळीनं सुरू होतं, सुईनं टोचल्यासारख्या. साग हिवाळ्याच्या शेवटी पानं टाकतो आणि वैशाखात नुसता खराटा उभा असतो. पावसाची चाहूल लागली की सुपाएवढी पानं फुटतात. तेव्हा झाडाला भराभर पाणी वर चढवायचं असतं, म्हणून ते या मोठ्या नळ्या तयार करतं. पुढे पावसाळाभर लाकूड घट्ट आणि गडद होत जातं, दिवाळीच्या सुमाराला वाढ मंदावते, आणि मग एकदम पुढच्या वर्षीची छिद्रं. दोन ओळींमधलं अंतर म्हणजे एक पावसाळा. पोटभर पाऊस मिळाला तर अंतर रुंद, नाही मिळाला तर चिंचोळं. आंबा, वड यांच्यात वर्षांच्या रेघा अशा नीट उमटत नाहीत. सागाला मात्र उन्हाळ्यात थांबायची सवय आहे, म्हणून त्याच्याकडे हिशेब आहे.

दर दहाव्या वलयावर पेन्सिलचा एक ठिपका, पन्नासाव्यावर दोन, शंभराव्यावर तीन, अशी या कामातली रीत आहे. तीन ठिपक्यांपर्यंत मी पोचले नाही. केंद्रापासून कडेपर्यंत सत्त्याऐंशी वलयं भरली. तीन वेळा मोजली. एकदा अठ्ठ्याऐंशी आली, कारण एका ठिकाणी छिद्रांची ओळ अर्धवट उमटून विरून गेली होती. पावसानं मधेच मोठा खंड दिला की झाड फसतं, वर्ष संपलं असं समजून थांबतं, आणि श्रावणसरी आल्या की पुन्हा वाढू लागतं. त्या एका पावसाळ्यातली ही उघडीप. कोण जाणे किती शेतकऱ्यांनी तेव्हा आभाळाकडे डोळे लावले असतील. त्यांची नावं कुठेच उरलेली नाहीत, पण ती उघडीप माझ्या बोटाखाली आहे.

आणि मग ती तीन वलयं. एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर. आधीची वलयं दीड-दोन मिलिमीटरची, आणि ही तीन एकमेकांना चिकटलेली, दोऱ्यासारखी. भिंगाशिवाय तिन्हींची मिळून एकच काळी रेघ दिसते.

इथे मला आजीबद्दल सांगायला हवं. इंदूरमध्ये आज 'छप्पन' म्हटलं की कुणालाही छप्पन दुकान आठवतं, संध्याकाळची गर्दी, खोपरा पॅटिस, लहान मुलांचे हट्ट. आजी 'छप्पन' म्हणायची तेव्हा तिचा आवाज खाली यायचा. तिचं छप्पन म्हणजे संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. तिनं ते पाहिलं नव्हतं, तिच्या सासूनं पाहिलं होतं. 'डग डग रोटी, पग पग नीर' ही माळव्याची ख्याती. आजूबाजूच्या मुलखात पाऊस गेला की लोक गुरंढोरं घेऊन माळव्यात येत. त्या वर्षी माळव्यातच पाऊस आला नाही. आजी सांगायची, आपल्याच चौकात एका बाईनं तांब्याची घागर ठेवली आणि दोन पायली ज्वारी नेली, आणि घागर सोडवायला ती कधी परत आली नाही. ती घागर मी पाहिली आहे. तिच्यात आम्ही पाणी भरत नसू. का, ते कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

वाडा कधी बांधला याचा कागद घरात नव्हता. आजीचं एकच वाक्य होतं: "वाडा छप्पनच्या आधीचा."

तेव्हा ती तीन बारीक वलयं दिसल्यावर माझ्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. छप्पन ते नव्हतं, वाडा छप्पनच्या आधीचा. मग त्याच्या आधीचा मोठा दुष्काळ, १८७६ ते १८७८. त्र्याहत्तरावं वलय १८७८ चं धरलं तर सत्त्याऐंशीवं येतं १८९२ चं. झाड १८९२ ला तोडलं, दोन-चार वर्षं लाकूड वाळवलं, वाडा उभा राहिला, आणि मग छप्पन. आजीचं वाक्य खरं ठरत होतं! दोन दिवस मी त्याच आनंदात होते. मोठ्या भावाला फोन करून सांगितलं. त्याच्या मुलाला, पुण्यात भूशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाच्याला, फोटो पाठवले.

त्याचा फोन रात्री आला. "आत्या, चकती चौकोनी आहे ना?"

"हो. तुळई चौकोनीच असते."

"मग कडेचं लाकूड कुठे गेलं?"

मला कळायला क्षणभर लागलं. ओंडका गोल असतो. त्याची तुळई करताना सुतार चारी बाजू तासतो, आणि सालीलगतचं फिकट, कच्चं लाकूड तर आधी काढून टाकतो, कारण वाळवी तेच खाते. घराच्या दृष्टीनं ते अगदी योग्य. पण झाडाची शेवटची वर्षं त्या कच्च्या लाकडातच असतात. दहा गेली की वीस, हे आता कोणी सांगू शकत नाही. १८९२ मध्ये दहा मिळवले तरी छप्पन ओलांडून आपण पुढे जातो, म्हणजे आजीच्या छप्पनमध्ये हे झाड अजून जंगलात उभं असणार. तेव्हा एक तर आजीचं वाक्य चुकीचं, नाही तर माझी तीन वलयं १८७६ ची नव्हेत.

"आणि एका झाडावर भरवसा ठेवू नकोस," तो म्हणाला. "शेजारच्या मोठ्या झाडानं ऊन अडवलं असेल. वणवा लागून गेला असेल. सागाची पानं चाळणीसारखी करून टाकणारी अळी असते, ती लागोपाठ आली असेल. पाऊसच कमी होता हे तू कशावरून म्हणतेस?"

मला राग आला, त्याचा नव्हे, त्या तासलेल्या कडेचा. पण त्याचं म्हणणं मनात राहिलं आणि मी वाचायला लागले. गेले सात-आठ महिने दुसरं काही धड वाचलेलं नाही.

वलयांवरून वर्षं ओळखण्याच्या या विद्येचा पाया अँड्र्यू डग्लस नावाच्या एका खगोलशास्त्रज्ञानं घातला. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये सूर्यावरच्या डागांचा अभ्यास करता करता त्याला वाटलं की सूर्याचा चढउतार पावसात उतरत असेल तर पाऊस झाडात उतरलेला असणार. सूर्याचे डाग त्याला झाडात हवे तसे सापडले नाहीत, पण पाऊस सापडला. त्याहून मोठी गोष्ट त्याच्या लक्षात आली: एका मुलखातली झाडं एकाच तऱ्हेनं वाढतात. रुंद, रुंद, चिंचोळं, मध्यम, दोन चिंचोळी, रुंद, हा क्रम एका झाडात दिसला तर शेजारच्या झाडातही दिसतो. मग उभ्या झाडाच्या आतल्या वर्षांवर जुन्या घराच्या तुळईची बाहेरची वर्षं बसवता येतात, आणि तिच्या आतल्या वर्षांवर त्याहून जुनी तुळई.

आमच्या दोन आत्या होत्या. भोंडल्याचं एक लांबलचक गाणं एकीला सुरुवातीपासून मध्यापर्यंत येई आणि दुसरीला मधल्या चार कडव्यांपासून शेवटपर्यंत. अख्खं गाणं कुणालाच येत नव्हतं. पण ती चार कडवी दोघींना येत, म्हणून गाणं पूर्ण होई. डग्लसनं केलं ते हेच. त्याच्याकडे दोन तुकडे होते, एक आजच्या झाडांपासून मागे जाणारा आणि दुसरा जुन्या वस्त्यांच्या अवशेषांतला, आणि दोघांना जोडणारी कडवी मिळत नव्हती. १९२९ च्या जूनमध्ये शो लो नावाच्या गावी एक अर्धवट जळलेली तुळई सापडली, १२३७ ते १३८० एवढी वर्षं तिच्यात होती, आणि गाणं जुळलं. वर्षानुवर्षं ज्या घरांचं वय कुणाला सांगता येत नव्हतं त्यांची सालं एका रात्रीत हाती आली.

अर्धवट जळलेली, हे वाचून मी पुस्तक मिटलं. जळून कोळसा झाला तरी लाकडातली वलयं टिकतात. १९८४ मध्ये आमचा राजवाडा जळला. खालचे मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे. दर्शनी भाग वाचला, आतलं किती तरी गेलं. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. कितीतरी दिवस त्या बाजूला गेलं की ओल्या कोळशाचा वास यायचा. तो राडारोडा उचलून कुठे टाकला, कुणास ठाऊक. होळकरशाहीतले किती पावसाळे त्या ढिगात होते! राजवाडा पुन्हा उभा राहिला, सुंदरही दिसतो, पण त्याचं नवं लाकूड त्या पावसाळ्यांचं नव्हे.

सागावरचं काम फार जुनं आहे. बर्लाख नावाच्या डच हवामानतज्ज्ञानं १९३१ मध्ये जावातल्या सागाची १५१४ पासूनची मालिका छापली होती. आपल्याकडे पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये ठाण्याच्या जंगलातला साग अभ्यासला, आणि पुढे केरळातल्या सागांवरून ५२३ वर्षांची मालिका बांधली. एल निन्योच्या, पाऊस कमी पडलेल्या वर्षांत त्या झाडांची वलयं चिंचोळी आहेत. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत तर वलयाची रुंदी सोडून त्याच्या आतला ऑक्सिजन तपासला. मुसळधार पावसाच्या पाण्यात जड ऑक्सिजन कमी असतो. मुळांनी ते पाणी ओढलं की त्याची खूण लाकडात उतरते.

पण मी थबकले ते होशंगाबादच्या नावावर. आता त्याला नर्मदापुरम म्हणतात. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या सागावरून जून ते सप्टेंबरचा जुना पाऊस काढला आणि २००७ मध्ये छापला. वाड्यातलं सागवान नर्मदेच्या खोऱ्यातून बैलगाड्यांनी आलं असं घरात म्हणत. म्हणजे माझी चकती जुळवून पाहायला शेजारची झाडं आहेत! त्यांच्या क्रमावर माझ्या सत्त्याऐंशी वलयांपैकी थोडी जरी बसली तरी पुष्कळ.

आणि हे कशासाठी, असं माझ्या वहिनीनं विचारलंच. तिचा प्रश्न रास्त आहे. देशभरच्या पावसाची सलग मोजमापं १८७१ पासून मिळतात. हवामान खातं १८७५ चं. म्हणजे दीडशे वर्षं. मोठा दुष्काळ पन्नास वर्षांतून एकदा येत असेल तर दीडशे वर्षांत तो तीनदा दिसतो, आणि तीनवरून कसला अंदाज बांधायचा? त्याच्या मागे काय होतं हे कळल्याशिवाय आजचा पाऊस नेहमीचा की वेगळा हे ठरवता येत नाही. वलयांचे अमेरिकी अभ्यासक एडवर्ड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आशियाभरच्या तीनशेहून अधिक ठिकाणांची झाडं एकत्र करून २०१० मध्ये मोसमी पावसाच्या दुष्काळांचे नकाशे केले, थेट १३०० सालापासूनचे. त्यात काही काळ ठळक दिसतात. १७५६ ते १७६८. १७९० ते १७९६. आणि १८७६ ते १८७८.

१७९० ते १७९६ वाचताना मी महेश्वरला पोचले. अहिल्याबाई १७९५ मध्ये गेल्या. आपण त्यांचे घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं यांची नावं घेतो. पण त्यांच्या शेवटच्या वर्षांत देशाच्या मोठ्या भागावर पाऊस रुसलेला होता, १७९१-९२ मध्ये दख्खन आणि गुजरातेत एवढे लोक गेले की त्या दुष्काळाला कवट्यांचा दुष्काळ म्हणतात, हे मी शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकवून कधी त्यांच्या विहिरींशी जोडलं नव्हतं. माझ्या तुळईचं झाड त्या सुमाराला रोप असेल का? आजीचं वाक्य खरं मानलं तर असूही शकेल. मग ती तीन वलयं कुठल्या वर्षांची?

१९७८ मध्ये नर्मदा नळानं इंदूरला आली आणि आम्ही पावसाकडे बघायचं सोडलं. त्याआधी उन्हाळ्यात रात्री दोनला उठून नळाला नंबर लावणारी आई मला आठवते. माझ्या मुलीला ते सांगावं लागतं. एका पिढीत विसर पडतो. झाडाला पडत नाही.

आता माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट. भाचा दिवाळीला आला होता. चकती हातात घेऊन त्यानं बराच वेळ पाहिली, मग म्हणाला, "तुळईकडे लांबी आहे, शेवट नाही. शेवट वाशांकडे असतो. ते गोलच वापरतात ना? मग कच्चं लाकूड त्यांच्यावर राहतं, कधी कधी सालसुद्धा. सालीलगतचं वलय मिळालं की झाड तोडल्याचं वर्ष पक्कं. वाशात वर्षं थोडी, पण एकाच तोडीतले असतील तर ती तुळईच्या कडेवर बसवून बघता आली असती. वासे कुठे आहेत?"

वासे. कौलांखालचे, धुरानं काळे झालेले, हाताच्या मनगटाएवढे आणि काही मांडीएवढे. दीडशे तरी असतील. मी स्वतः ठेकेदाराला सांगितलं होतं, तुळया आणि खांब जपून उतरवा, कोरीव काम जपा, वासे काय, न्या. दोन ट्रॉल्या भरून गेले. हॉटेलच्या भट्टीत गेले असं नंतर कळलं. "खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत" असं आपल्याकडे सांगतात, आणि मी ते पाळलं. त्या घरचं आयुष्यभर खाल्लं आणि वासे मोजले नाहीत. मोजायला हवे होते, एकेक, भिंग लावून. वाड्याचं वर्ष त्या ट्रॉलीत होतं. घागर ठेवून गेलेल्या बाईला आमच्या चौकाचं छप्पर नवं दिसलं की जुनं, एवढंसुद्धा त्यातून कळलं असतं.

त्यानंतर मी गल्लोगल्ली सांगत सुटले आहे. रामबागेत, नारायणबागेत, जुन्या ओळखीच्या सगळ्या घरी. वाडा उतरवायचा तर उतरवा, मी कोण अडवणार. पण एका तुळईची आणि चार वाशांची चकती काढून ठेवा, मागे खडूनं घराचा पत्ता आणि खोलीचं नाव लिहा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. रंग नको, वॉर्निश नको, साल सोलायची नाही. लोक ऐकून घेतात. दोघांनी ठेवल्या. त्यातली एक चकती सध्या माझ्याकडे आहे. कागदाच्या पट्टीवर तिची बारीक वलयं उभ्या रेघांनी मांडली, आमच्या तुळईची दुसऱ्या पट्टीवर, आणि एक पट्टी दुसरीवरून सरकवत बसते. एका जागी अकरा वलयं जुळल्यासारखी वाटली. भाचा म्हणतो अकरा म्हणजे काहीच नाही, अकरा कुठेही जुळतात, निदान पन्नास तरी हवीत. पट्टी पुन्हा पहिल्यापासून सरकवते.

काल संध्याकाळी मिस्त्रीचा फोन आला. जुन्या इंदुरातच एक घर उतरवतायत, कौलं काढून झाली आहेत, आज वासे निघतील.

"मैडम, एक बल्ली पे छाल लगी है. पूरी नहीं, बित्ता भर. अलग रखवा दी है. कितने बजे आओगी?"

सातला, म्हटलं. आणि तोवर तिला कुणाला हात लावू देऊ नकोस.